संमतीचे वय: दहापासून अठरापर्यंत

कायद्यात वयाचा आकडा येतो तेव्हा तो कुठून येतो, हे आज आपण बघणार आहोत. संमतीवयाचेच घ्या. १८६० च्या दंडसंहितेत ते दहा वर्षे होते. हो, दहा. आज अठरा आहे.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात जखमी होऊन दगावली. नवरा हरिमोहन मैती पस्तिशीचा. मुलगी दहाच्या पुढची, म्हणून बलात्काराचे कलम लागूच झाले नाही. हलक्या कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. इकडे मुंबईत मलबारींची मोहीम १८८४ पासून चालू होती, रखमाबाईंचा खटलाही ताजाच होता. १८९१ च्या मार्चमध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले.

त्यावरून पुण्यात केवढे रण माजले ते आपल्याला ठाऊक आहे. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता; सोळाच्या आत मुलीचे लग्न करू नये, असे तर तेही सुचवत होते. भांडारकरांनी धर्मशास्त्रातूनच कायद्याला आधार काढून दिला. पण वाद कशावर चालला बघा: ऋतुप्राप्ती, गर्भाधान, शरीराला सोसेल की नाही. मुलीला कळते किती, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. अजाणत्या वयात लावून दिलेल्या लग्नाला आपण बांधील नाही, असे म्हणणाऱ्या रखमाबाई त्यात एकट्या दिसतात.

पुढे आकडा वाढत गेला, तो तपशील आज सोडून देऊ.

'कळण्या'चा अभ्यास मात्र उशिरा सुरू झाला. १९०४ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी पौगंडावस्थेवर दोन जाडजूड खंड लिहिले, पण मेंदूत डोकावण्याचे साधन तेव्हा नव्हते. ते आले एमआरआयने. जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे स्कॅन वर्षानुवर्षे काढले. मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जाड असतो आणि मग पातळ होत जातो, हे त्यांनी १९९९ मध्ये मांडले. माळी फांद्या छाटतो ना, तसे काहीसे. आवर घालणारा हा भाग विशीतही घडतच असतो. मौजेची ओढ लावणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जागी होते. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला. मित्र बघत असले की तेरा ते सोळाची मुले कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीपुढच्यांना त्याने फारसा फरक पडत नव्हता.

आता गंमत बघा. १९९० मध्ये गर्भपाताच्या एका खटल्यात अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने सांगितले की चौदा-पंधराच्या मुली मोठ्यांसारखाच विचार करून निर्णय घेऊ शकतात. २००५ मध्ये फाशीच्या खटल्यात तीच संघटना म्हणाली, अठराखालची मुले अपरिपक्व असतात. न्यायमूर्ती स्कालियांनी ते नेमके पकडले. स्टाइनबर्ग यांचे उत्तर असे, की शांतपणे, सल्ला घेऊन करायचा विचार सोळाच्या सुमारास पिकतो. भरात, मित्रांसमोर स्वतःला आवरणे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येते. आम्हाला हे उत्तर पटते, जरा सोयीचेही वाटते.

आपल्याकडचा पेच याहून अवघड आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीवय अठरा केले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठराच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. समजा, सतरा वर्षांची दोघे घर सोडून पळाली आणि मुलीच्या वडिलांनी फिर्याद दिली. मुलीची संमती कायद्याच्या लेखी शून्य. मुलावरच्या कलमाला किमान शिक्षाच इतकी आहे की गुन्हा 'घोर' ठरतो, आणि त्याला परिणामांची समज होती का, हे बाल न्याय मंडळाने तपासायचे. एकाच वयाची दोन माणसे. एक अजाण, दुसरा कदाचित प्रौढ!

स्कॅन इथे कामाला येत नाही. तो शेकडो मुलांची सरासरी सांगतो, समोर बसलेल्या या एकाचे काही सांगत नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. मानसशास्त्रज्ञाची मदत 'घेता येईल', इतकेच कलम म्हणत होते; मंडळात त्या विषयाचा जाणकार नसेल तर ती घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.