गृहत्यागाचा प्रश्न आणि धर्मानंद कोसंबींचे ग्रंथ

आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे मराठी ग्रंथ एकत्र समोर ठेवले, तर हे सारे एकाच लेखणीतून उतरले असावे असे प्रथमदर्शनी वाटत नाही. 'बुद्ध, धर्म आणि संघ' ही व्याख्याने आहेत, 'बुद्धलीलासारसंग्रह' हा कथासंग्रह आहे, 'समाधिमार्ग' साधनेसंबंधी आहे, 'निवेदन' हे आत्मचरित्र आहे. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' हा इतिहास, 'भगवान बुद्ध' हे चरित्र, आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेले 'बोधिसत्त्व' हे चक्क नाटक. याशिवाय 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासारखे, केवळ पंडितांनीच उघडावे असे काम निराळेच. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठासाठी १९१० साली हाती घेतलेले ते काम त्या विद्यापीठाच्या ग्रंथमालेत छापून निघाले १९५० साली, म्हणजे कोसंबी गेल्यानंतर तीन वर्षांनी.

एका अभ्यासकाने इतकी रूपे का हाताळावीत? हौसेखातर असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. त्यांच्या ग्रंथांतून एक प्रश्न पुनःपुन्हा वर येतो, आणि तो आपल्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले?

लोकमानसात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. राजपुत्राने एक वृद्ध, एक व्याधिग्रस्त, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहिला. त्याचे मन विटले. आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नीकडे व बाळाकडे एकदा पाहून, कन्थक घोड्यावर बसून तो निघून गेला. एडविन अर्नोल्डच्या 'द लाइट ऑफ एशिया' या १८७९ सालच्या काव्याने हे चित्र जगभर नेले. त्याच काव्यावरून फ्रान्झ ऑस्टेन आणि हिमांशू राय यांनी १९२५ साली 'प्रेम संन्यास' हा मूकपट काढला. त्यात हिमांशू राय स्वतःच गौतम झाले होते आणि सीतादेवी गोपा झाल्या होत्या. पुढे १९९३ साली बेर्तोलुच्चीच्या 'लिटल बुद्धा' या चित्रपटातही राजवाड्याबाहेरची ती दृश्ये नव्या रंगांत आली. पडद्यावर एकदा पाहिलेले दृश्य सुत्ताच्या आधाराने पुसणे किती कठीण असते, हे धम्मप्रवचन करणाऱ्या कोणालाही विचारावे.

खुद्द कोसंबींची बुद्धाशी ओळख या काव्यमय कथेच्या छायेतच झाली. गोव्यात, सांखवाळसारख्या गावी, पुस्तके मिळणे दुर्लभ होते. तेथे 'बालबोध' मासिकातील बुद्धाचे लहानसे चरित्र आणि पुढे गोविंद नारायण काणे यांचे मराठी बुद्धचरित्र त्यांच्या हाती आले. या वाचनाने ते इतके भारावले की १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पालि शिकू लागले. भक्तीने निघालेला हा माणूस तेथे मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचला, आणि त्याच्या पुढील लेखनाची दिशा तेथेच बदलली, असे माझे मत आहे.

तरी हा बदल एकाएकी झाला नाही. १९१४ सालच्या 'बुद्धलीलासारसंग्रहा'त त्यांनी जातके आणि बुद्धचरित्र बहुतांशी परंपरेने सांगितलेल्या रूपातच मराठीत आणले. मराठी वाचकाजवळ त्या वेळी बौद्ध वाङ्मय जवळजवळ नव्हतेच. आधी कथा देणे भाग होते, चिकित्सा नंतर. पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविताना, परदेशांत हस्तलिखिते ताडून पाहताना, त्रिपिटकातील जुने थर आणि अट्ठकथांतील नंतरची भर यांतील भेद त्यांच्या मनात पक्का होत गेला. त्याचे फळ म्हणजे १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेला 'भगवान बुद्ध'.

या ग्रंथातील त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्यासारखा आहे. चार निमित्तांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात येते खरी, परंतु तेथे ती गौतमाची नाही. ती विपस्सी या पूर्वबुद्धाची आहे. पुढे ती गौतमाच्या चरित्रात शिरली. मध्यरात्रीच्या पलायनाचीही तीच गत. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः सांगतात की आईवडील नको म्हणत असताना, त्यांच्या डोळ्यांत अश्रू असताना, आपण केस-दाढी उतरवून काषाय वस्त्रे धारण केली. म्हणजे घरच्यांना ठाऊक होते. चोरून जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि कारण? ते कोसंबींनी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शोधले. तेथे शस्त्रे उचलून परस्परांशी भांडणारे लोक आहेत. आटत चाललेल्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी त्यांची अवस्था आहे. आणि ती पाहून आपल्याला भय वाटले, संवेग उत्पन्न झाला, असे तथागत म्हणतात. जरा, व्याधी, मरण यांचे दर्शन या ठिकाणी कारण म्हणून येत नाही. येतो तो मनुष्याने मनुष्यावर उगारलेला दंड.

यापुढचे पाऊल मात्र अनुमानाचे आहे, आणि अभ्यासकाने ते अनुमान म्हणूनच वाचले पाहिजे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा अट्ठकथांत येतो. पण तेथे तो मिटवायला जातात ते बुद्धत्व प्राप्त झालेले तथागत. पाण्याची किंमत अधिक की माणसांच्या प्राणांची, असे ते दोन्ही पक्षांना विचारतात. कोसंबींनी या तंट्याची मुळे बोधिसत्त्वाच्या तारुण्यापर्यंत मागे नेली आणि अत्तदण्ड सुत्तातील भयाशी ती जोडली. ही जोडणी सयुक्तिक आहे, पण तिच्यासाठी थेट वचन नाही. इतिहासाच्या ग्रंथात तिला जपूनच जागा द्यावी लागते.

म्हणूनच मला 'बोधिसत्त्व' नाटक त्यांच्या ग्रंथसंपदेत दुय्यम वाटत नाही. इतिहासकाराला जेथे 'असावे' म्हणून थांबावे लागते, तेथे नाटककाराला पात्रे उभी करता येतात. रोहिणीचे पाणी, दोन गणांचे वैर, शस्त्राला नकार देणारा एक तरुण आणि त्या नकारातून घडलेला गृहत्याग त्यांनी या नाटकात रंगभूमीच्या भाषेत मांडला. नाट्यगुणांच्या दृष्टीने त्यात उणिवा आहेत. संवाद पुष्कळदा प्रवचनाकडे झुकतात. पण काव्याने आणि मूकपटाने रुजविलेल्या दृश्याला उत्तर द्यायचे, तर तळटीप पुरत नाही, दुसरे दृश्यच द्यावे लागते.

१९५७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्धा अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतील पहिलाच प्रश्न परिव्रज्येचा आहे. एकोणतीस वर्षे वयापर्यंत वृद्ध, रोगी वा प्रेत दिसलेच नाही, हे बुद्धीला पटत नाही, असे बाबासाहेब तेथे निःसंदिग्धपणे सांगतात. त्यांच्या ग्रंथातही रोहिणीचे पाणी आहे. परंतु एका बाबतीत ते कोसंबींच्या पुष्कळ पुढे गेले. त्यांचा सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उभा राहतो, युद्धाच्या ठरावाला विरोध करतो, बहुमताने हरतो, आणि कुटुंबावर बहिष्कार व जप्ती येऊ नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करतो. भयाने आणि संवेगाने व्याकूळ झालेला तरुण येथे सार्वजनिक निर्णयाची जबाबदारी उचलणारा नागरिक झाला आहे. गणसभा, मतदान, अल्पमतातील माणसाची सदसद्विवेकबुद्धी ही भर बाबासाहेबांची आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला ती सुचावी यात नवल नाही.

कोसंबींच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' (१९३५) या ग्रंथातील प्राचीन आर्यांविषयीचे काही तर्क आज टिकत नाहीत. राजकारणात ते गांधीजींच्या बाजूचे होते. पण त्याच माणसाने १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत विहार उभारला आणि त्याला 'बहुजन विहार' हे नाव दिले, हेही विसरता येत नाही. 'भगवान बुद्ध' मधील मांसाहारासंबंधीच्या विवेचनावरून जैन समाजात मोठा क्षोभ झाला. त्यांनी आपले मत मागे घेतले नाही. आणि तरीही पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर आदराने स्वतंत्र ग्रंथ लिहून, जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

'भगवान बुद्ध' आजही वाचला जातो. नाटकाचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचन होते, तेव्हा एखाद्या वर्षी अत्तदण्ड सुत्त, 'भगवान बुद्ध' मधील गौतम बोधिसत्त्वाविषयीचे प्रकरण, 'बोधिसत्त्व' नाटक आणि बाबासाहेबांच्या ग्रंथातील पहिला खंड हे या क्रमाने सलग वाचून पाहावेत. सुत्त अवघ्या काही गाथांचे आहे. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील सोळा सुत्तांपैकी ते पंधरावे.