स्थितीतून गतीकडे : 'पिकअप' या शब्दाआडचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील देवरी येथे आमगावकडून येणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ ला, म्हणजे पूर्वीच्या महामार्ग ६ ला मिळतो. नागपूर-रायपूर वाहतुकीच्या ओघात जागा सापडताच चालकाने तत्काळ निघावे, असे हे स्थान. टर्बोचार्जर आणि दुहेरी क्लच असलेली मोटार अशा ठिकाणी पाय दाबल्यावरही कित्येकदा क्षणभर रेंगाळते व मग एकाएकी झेप घेते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मालमोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते, हे ध्यानी घेतल्यास हा क्षण क्षुल्लक म्हणता येणार नाही. 'गाडीला पिकअप नाही' असे त्याचे वर्णन बोलीत होते. परंतु या एका शब्दाखाली दोन भिन्न विलंब झाकले गेले आहेत, आणि त्यांचे उगमही परस्परांपासून दूरचे आहेत.

गोंदिया-जबलपूर नॅरोगेज मार्गावरील वाफेच्या इंजिनाला क्लचची गरज नव्हती. बॉयलरमध्ये कोंडलेली वाफ चाक स्थिर असतानाच दट्ट्यावर पूर्ण दाब देत असे. पेट्रोल वा डिझेल इंजिन मात्र फिरत असल्याखेरीज बळ देऊ शकत नाही. म्हणून फिरते इंजिन व थांबलेले चाक यांना घसरत-घसरत सांधणारा क्लच आवश्यक ठरला.

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात अधिक हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये मिळविले. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' व 'हान्सेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांवर तिचा उपयोग होऊन इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. त्यापूर्वी, १९१८ मध्ये, सॅन्फर्ड मॉस याने विमानाच्या इंजिनासाठी पाइक्स पीकच्या विरळ हवेत तिची परीक्षा घेतली होती. तासन्‌तास एकसारखे चालणाऱ्या या इंजिनांना धुराचा झोत वाढून चक्र वेग घेईपर्यंतची प्रतीक्षा जाचक नव्हती. ती जाणवू लागली १९६२ मध्ये, अमेरिकेत टर्बो बसविलेल्या मोटारी विक्रीस आल्यावर. त्याच वर्षी भारतीय रेल्वेत आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनांनी वेग घेताना सोडलेला काळा धूर हा याच विलंबाचा दृश्य पुरावा होय.

दुहेरी क्लचची कल्पना आडोल्फ केग्रेस याची, १९३९ मधील. ती त्याच्या हातून पूर्णत्वास गेली नाही. १९८० च्या दशकात पोर्शने शर्यतीच्या मोटारींत तिचा वापर केला. एका क्लचवर विषम, दुसऱ्यावर सम गिअर. त्यामुळे धावताना गिअर बदलतो तो ओढ न तुटता. कल्पनेचा सारा भर धावण्यावर आहे, निघण्यावर नाही. २००३ मध्ये फोल्क्सवागेनने ती सामान्य विक्रीच्या मोटारीत आणली. महाराष्ट्रात चाकण येथे तेव्हा तयार होत असलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये २०१३ साली १.२ लिटरचे टर्बो इंजिन आणि सात गिअरांचा दुहेरी क्लच एकत्र आले.

हाती गिअर असलेल्या टर्बो मोटारीत पहिला विलंब बहुधा लपून जाई, तो चालकाच्या डाव्या पायामुळे. चालक आधी इंजिनाचे फेरे वाढवी आणि मग क्लच हळूहळू सोडी. बोलीत याला 'हाफ क्लच' म्हणतात; प्रमाण मराठीला या कौशल्यासाठी स्वतःचा शब्द घडवावासा वाटला नाही, हे नोंदण्याजोगे आहे. दुहेरी क्लचने पायातील ते काम संगणकाकडे दिले. संगणकाला क्लच झिजू द्यायचा नाही, म्हणून तो इंजिनाचे बळ आवरतो व क्लच जपून मिटवितो. इंजिनाचे फेरे कमी, म्हणून धूर कमी. धूर कमी, म्हणून टर्बो मंद. दोन्ही यंत्रे एकमेकांसाठी थांबतात. जुन्या स्वयंचलित मोटारींतील टॉर्क कन्व्हर्टर द्रवाच्या द्वारे इंजिनाशी सदैव जोडलेला असे व आरंभी बळ वाढवूनही देई. तेथे ही कोंडी इतकी तीव्र नव्हती.

केवळ टर्बोला किंवा केवळ क्लचला दोष देणे म्हणूनच अपुरे ठरते. देवरीच्या तिठ्यावरील जाणता चालक रस्ता मोकळा होण्याच्या किंचित आधी ब्रेक सैल करतो, गाडी जेमतेम सरकू देतो आणि क्लच मिटल्यावरच पाय दाबतो.