भिंतीबाहेरचे स्वयंपाकघर

स्वयंपाकघर अपुरे पडू लागले, की गृहस्थाची दृष्टी प्रथम बाहेरच्या भिंतीकडे वळते. ती चार हात पुढे सरकवता आली तर! परंतु भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हे. माडीचा आणि छपराचा भार पुष्कळदा तिनेच पेललेला असतो. ती काढावयाची तर आधी तुळई घालून तो भार तोलून धरावा लागतो, पुढे नवा पाया खणावा लागतो, आणि शेजाऱ्यांची व नगरपालिकेची मर्जीही सांभाळावी लागते. या घरगुती प्रश्नाला अमेरिकेतील एका वास्तुशिल्पज्ञाने दिलेले उत्तर वास्तुकलेच्या इतिहासात नमूद झालेले आहे.

फ्रँक गेरी यांचा जन्म 1929 साली कॅनडातील टोरांटो येथे झाला. तेथे त्यांच्या आजोबांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. पत्र्याविषयी त्यांना पुढे वाटलेल्या प्रेमाचे मूळ कदाचित तेथे असेल. 1977 मध्ये त्यांच्या पत्नी बर्टा यांनी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका या गावी एक जुने घर पसंत केले. 1920 च्या सुमारास बांधलेले, दुमजली, लाकडी सांगाड्याचे आणि फिकट गुलाबी रंगाचे असे ते साधे घर होते.

1978 मध्ये ते वाढवताना गेरींनी जुनी बाहेरची भिंत पाडली नाही. तिच्यापासून काही अंतर सोडून घराला तीन बाजूंनी नवे कवच घातले, आणि तेही पन्हळी पत्रा, प्लायवूड व कुंपणाची तारजाळी अशा सामानाचे! या दोन भिंतींमधील बोळात स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा आली. म्हणजे जेथे काल अंगण होते तेथे आज चूल पेटली. खाली फरशी नाही, तर रस्त्यावर घालतात तसले डांबर. वर तिरपा कलंडलेला काचेचा प्रचंड घन, त्यातून ओट्यावर ऊन उतरे. जुन्या घराची जी खिडकी पूर्वी बाहेरचे जग पाही, ती आता स्वयंपाकघरात डोकावू लागली. जुनी भिंत जागेवर राहिल्याने जुन्या घराचा भार नव्या भिंतीवर टाकावा लागला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

शेजारी संतापले. आपल्याकडे ज्या पत्र्याने गोठा शाकारतात तो पत्रा सभ्य वस्तीत पाहून कोणाला राग येणार नाही? परंतु त्याच शेजाऱ्यांच्या अंगणांत तारजाळीची कुंपणे, मोटारी आणि नावा होत्याच, याकडे गेरींनी बोट दाखविले. तो युक्तिवाद बिनतोड होता, पण शेजाऱ्याला युक्तिवादाने जिंकता येते असा शासकीय सेवेतला माझा अनुभव नाही.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. याच गावात गेरींनी आराखडा केलेली बाजारपेठेची इमारत 1980 मध्ये उघडली. ती बांधणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख या घरी जेवावयास आले आणि म्हणाले, हे घर तुम्हांला आवडत असेल तर ती इमारत आवडणे शक्य नाही. गेरींनी ते कबूल केले, आणि दोघांच्या संमतीने तो संबंध संपला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चालते उत्पन्न सोडले आणि कचेरीतील माणसेही कमी केली. 1989 चे प्रिट्झकर पारितोषिक आणि 1997 मधील बिल्बाओचे संग्रहालय अद्याप दूर होते.

1990 नंतरच्या काही वर्षांत मुले मोठी झाली म्हणून घर पुन्हा बदलण्यात आले. पूर्वीचा ओबडधोबडपणा गेला, अशी हळहळ अनेक जाणकारांनी व्यक्त केली. मुलांना मात्र राहण्यास जागा हवी होती, आणि माझे मत मुलांच्या बाजूने आहे.