न्हाणीतला पांढरा थर

माढा तालुक्यात ज्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरतात, तिथल्या न्हाणीत टाइल्सवर, नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या छिद्रांत पांढरा थर बसलेला दिसतो. कितीही घासला तरी तो निघत नाही. असे का?

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्ल बनते. काळ्या मातीखालच्या चुनखडीतून, बेसाल्टच्या भेगांतून जाताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. न्हाणीत हे पाणी सुकले, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट टाइलला चिकटून राहते. त्यात साबणाची भर पडते. कॅल्शियमशी संयोग झाला, की साबणाचा न विरघळणारा चिकट साका बनतो.

साबणाच्या याच खोडीचा थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास उपयोग करून घेतला. टिकाऊ फेस यायला साबणाचे द्रावण किती लागते, यावरून त्याने पाण्याचा जडपणा मोजला. वर्गातही हे सहज करता येते. सारख्या दोन बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे सारखेच पाणी घ्यावे, साबणाचे द्रावण थेंब थेंब टाकून हलवावे आणि थेंब मोजावेत.

हा थर आम्लात विरघळतो. तांब्याची भांडी चिंचेने घासणाऱ्या घरांना आम्लाचा गुण नवा नाही. पण आम्ल कशावर घालायचे, हे पाहायला हवे. सोलापूर–रायचूर रेल्वेमार्गावरच्या शहाबादची फरशी आपल्याकडे घरोघरी मोरीत बसली. ती स्वतःच चुनखडक आहे. तिच्यावर ॲसिड ओतले, की डागाबरोबर फरशीही फसफसून झिजते. चकाकी दिलेल्या टाइलवरचा थर काचेसारखा असल्यामुळे तो टिकतो, पण सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते. म्हणून टाइल्सना लिंबू किंवा व्हिनेगर पुरे. दहा-पंधरा मिनिटे ठेवून धुवावे.

खरा धोका वेगळाच आहे. १७७४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून क्लोरिन वायू मिळवला. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंटने तोच वायू चुन्यात शोषून ब्लीचिंग पावडरीचे पेटंट घेतले. त्या पावडरीवर आम्ल पडले, की कोंडलेला क्लोरिन पुन्हा मोकळा होतो. १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. आधी ब्लीचिंग पावडर टाकायची आणि डाग गेला नाही म्हणून वर ॲसिड ओतायचे, म्हणजे बंद न्हाणीत शेलेसारखाच प्रयोग करणे होय. ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत. घुसमटवणारा वास आलाच, तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत जावे.

सर्वांत सोपा उपाय मात्र या रसायनशास्त्रातच दडलेला आहे. थर बसतो तो पाणी सुकताना. आंघोळीनंतर टाइल्स कोरड्या फडक्याने पुसल्या, तर ॲसिडची बाटली घरात आणायची वेळच सहसा येत नाही.