शेंडेनक्षत्राची नोंद : रायगडापासून पुसदच्या आकाशापर्यंत

सभासद बखरीत एक धूमकेतू आहे आणि तो चुकीच्या महिन्यात उगवलेला आहे.

शिवाजी महाराजांच्या निधनाचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासद लिहितो, की त्या दिवशी पृथ्वी कापली, उल्कापात झाला आणि गगनात धूमकेतू उगवला. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० चे. त्या वर्षीचा विख्यात धूमकेतू मात्र गॉटफ्रीड किर्श या जर्मन ज्योतिर्विदाला १४ नोव्हेंबरला दिसला, म्हणजे तब्बल सात महिन्यांनी. दुर्बिणीतून शोधला गेलेला हा इतिहासातील पहिला धूमकेतू. डिसेंबरात तो सूर्याला जवळजवळ चाटून गेला आणि महिन्याच्या अखेरीस संध्याकाळच्या आकाशात त्याची प्रचंड शेपटी जगभर दिसली. पुढील जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हाही तो आकाशातून पुरता गेलेला नव्हता.

सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, सुमारे १६९७ मध्ये. मध्ये सतरा वर्षे लोटली होती. धूमकेतू खरा, निधनही खरे. या काळात एकाच वर्षातील दोन मोठ्या घटना स्मृतीत एकमेकींना चिकटल्या असाव्यात. शिवाय थोर राजाच्या मृत्यूसमयी उत्पात सांगण्याची जुनी परंपरा होतीच. सभासदाला खोटे ठरवण्याचे काही कारण नाही. त्याच्यापाशी त्या रात्रीची नोंद नव्हती, इतकेच.

धूमकेतूच्या इतिहासात सगळा प्रश्न या नोंदीचा आहे. ग्रहणाची वेळ शेकडो वर्षे मागे जाऊन गणिताने काढता येते. धूमकेतूची कक्षाही काढता येते. पण तो अमुक रात्री किती तेजस्वी होता, शेपटी सरळ होती की वाकडी, डोके धूसर होते की ताऱ्यासारखे टोकदार, हे कोणतेही गणित मागे जाऊन सांगू शकत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या केतुचार अध्यायात आरंभीच मान्य करून टाकले आहे, की केतूंचा उदय आणि अस्त गणिताने कळत नाही. उदयास्ताचे गणित पुढे न्यूटन आणि हॅले यांनी सोडवले. तेजाचे गणित अजूनही पूर्ण सुटलेले नाही.

म्हणूनच धूमकेतूंच्या तेजाच्या नोंदींचा फार मोठा भाग वेधशाळांनी नव्हे, तर हौशी निरीक्षकांनी ठेवलेला आहे. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि तिचा वेळ महिनोन्‌महिने आधी वाटलेला असतो. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला सबंध शेपटी एका नजरेत दिसते, आणि ढग नसतील तर तो रोज पाहू शकतो. हा फरक नेमका समजण्यासाठी वेधशाळांपासून दूरचे एखादे गाव घ्यावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद त्यासाठी उत्तम आहे : पूस नदीकाठचे, डोंगरांनी वेढलेले, विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण २० अंशांवर.

१९१० साली पुसद वऱ्हाडात होते आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. त्या वर्षी आकाशात एक नव्हे, दोन मोठे धूमकेतू आले. पहिला अगदी अनपेक्षित. १२ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या खाणकामगारांना तो पहाटे दिसला आणि पाच दिवसांत सूर्याजवळ पोचून भर दिवसा दिसण्याइतका उजळला. जानेवारीच्या उत्तरार्धात तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला, शुक्राच्या परिसरात, लांब वाकडी शेपटी घेऊन उभा होता. दुसरा हॅलेचा. तो ठरल्याप्रमाणे २० एप्रिलला सूर्याजवळून वळला आणि मे महिन्यात पहाटे पूर्वेला दिसू लागला. १९ मेच्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार होती आणि शेपटीत सायनोजन हा विषारी वायू सापडल्याने जगभर घबराट उडाली होती. सातवा एडवर्ड ६ मे रोजी वारला, त्यामुळे ‘राजा आणि शेंडेनक्षत्र’ हे जुने समीकरण आणखी पक्के झाले. तिकडे कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड शांतपणे त्याची छायाचित्रे घेत होते.

वऱ्हाडासाठी हा काळ उत्तम. मेच्या पहाटे आभाळ कोरडे, पाऊस अजून लांब. त्याच वेळी उत्तर युरोपात रात्री इतक्या लहान आणि संधिप्रकाश इतका लांबलेला, की तिथल्या निरीक्षकांच्या वाट्याला फारच थोडे आले.

पुढे गंमत झाली ती स्मरणाची. १९८६ साली हॅले परत आला तेव्हा जगभर ऐंशी-नव्वदीच्या वृद्धांना विचारण्यात आले, ‘तुम्ही पाहिला होता ना?’ अनेकांनी जे वर्णन केले ते पहाटेच्या हॅलेचे नव्हतेच. थंडीची संध्याकाळ, पश्चिमेचे आकाश, झळझळीत डोके : हा तर जानेवारीचा धूमकेतू. तो संध्याकाळी दिसला म्हणून मुलांनीही पाहिला. हॅलेसाठी पहाटे उठावे लागले असते. पण नाव हॅलेचे गाजले, म्हणून पाहिलेल्या धूमकेतूला तेच नाव चिकटले. सभासदाच्या बखरीत जे झाले तेच इथे विसाव्या शतकात, वर्तमानपत्रांच्या काळात झाले.

मग नोंद करायची कशी? ताऱ्यांच्या तेजाला खगोलशास्त्रात प्रत म्हणतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. शहराबाहेरच्या काळोखात साधा डोळा साधारण सहाव्या प्रतीपर्यंत पोचतो. दोन ताऱ्यांची तुलना सोपी, कारण दोन्ही ठिपके. धूमकेतू हा मात्र धूसर डाग. त्याचा उजेड पसरलेला असतो, त्यामुळे ठिपक्याशेजारी तो नेहमी फिका वाटतो. यावर हौशी निरीक्षकांनी साधी युक्ती काढली. द्विनेत्रीतून धूमकेतू नीट पाहून त्याचा आकार आणि उजळपणा मनात ठेवायचा. मग द्विनेत्रीचा फोकस बिघडवायचा, इतका की शेजारचे तारे पसरून धूमकेतूएवढे गोळे व्हावेत. आता गोळ्याची तुलना गोळ्याशी. एक तारा धूमकेतूपेक्षा थोडा उजळ आणि एक थोडा मंद निवडला, की दोघांच्या मध्ये त्याची जागा ठरते. ब्रिटिश निरीक्षक सिजविक यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. दुर्बीण महाग असण्याची गरज नाही. किंबहुना या कामी लहान द्विनेत्रीच बरी.

प्रतीबरोबर आणखी तीन-चार गोष्टी टिपतात. गाभ्याभोवतीच्या धुरकट गोळ्याला कोमा म्हणतात. त्याचा व्यास किती? तो मध्याकडे किती दाट आहे? यासाठी ० ते ९ अशी श्रेणी आहे : ० म्हणजे निव्वळ धुके, ९ म्हणजे जवळजवळ तारा. शेपटी किती अंश लांब आणि कोणत्या दिशेला? आणि अर्थातच तारीख, वेळ, ठिकाण, उपकरण, चांदणे होते का. ही शेवटची माहिती कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय बाकीचे आकडे फुकट. सभासदाच्या वाक्यात उणीव होती ती नेमकी हीच.

महाराष्ट्रात अशा निरीक्षणाची संघटित परंपरा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून मोजावी लागते. तिची स्थापना २२ ऑगस्ट १९४४ ची; देशातील हौशी खगोलप्रेमींची ही सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ आकाराला आले तेच १९८५-८६ च्या हॅलेच्या निमित्ताने. मराठी वाचकाला हौशी धूमकेतूशोधक ओळखीचा झाला तो जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेमुळे. त्या कथेत घरच्या गच्चीवरची दुर्बीण आणि घरातलेच अरिष्टशांतीचे होमहवन एकमेकांसमोर उभे राहतात.

१९८६ चा हॅले लोकांना फिका वाटला, आणि होताही. ९ फेब्रुवारीला तो सूर्याजवळून गेला तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडे होती. मार्चमध्ये ‘जिओटो’ यान त्याच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून गेले. पृथ्वीच्या सर्वांत जवळ तो आला ११ एप्रिलला, पण तेव्हा दक्षिण आकाशात खूप खाली, वृक तारकासमूहात. लंडनहून तो क्षितिजावर येतच नव्हता. पुसदहून तो दक्षिणेला सुमारे २३ अंश उंच चढत होता, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून थोडा वर. भोवतालच्या डोंगरांवरून दिसायला तेवढी उंची पुरेशी. ९ एप्रिलला अमावस्या आणि १० ला गुढीपाडवा, त्यामुळे चंद्राचा अडसर नाही. पाडव्याच्या मध्यरात्रीनंतर शेतात उभे राहून दक्षिणेकडे पाहणाऱ्याला जे दिसू शकत होते, ते ग्रिनिचच्या वेधशाळेच्या अंगणातून अशक्य होते. ‘आंतरराष्ट्रीय हॅले निरीक्षण’ या मोहिमेत हौशी निरीक्षकांसाठी स्वतंत्र जाळे उभारले होते, त्यामागे हेही एक कारण : यान काही तासांचे पाहते, सलग महिने पाहायला पृथ्वीभर विखुरलेली माणसेच लागतात.

तेज सांगता का येत नाही? धूमकेतू पृथ्वीपासून दुप्पट दूर गेला तर तो चौपट मंद होतो, हा भाग सोपा. सूर्याच्या बाबतीत मात्र तो नुसता प्रकाश परतवत नाही, तर उष्णतेने बर्फ उडून जाऊन धूळ आणि वायू बाहेर टाकतो, आणि तीच धूळ आणि वायू चमकतात. सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की तेज ढोबळमानाने सोळापट वाढते, पण हा ‘ढोबळमान’ प्रत्येकाचा वेगळा. पहिल्यांदाच सूर्याकडे येणाऱ्या धूमकेतूच्या पृष्ठावर सहज उडणाऱ्या बर्फाचा थर असतो. तो लांबूनच चमकायला लागतो आणि खोटी आशा दाखवतो. १९७३ चा कोहौटेक असाच ‘शतकाचा धूमकेतू’ म्हणून गाजला आणि बराच फिका निघाला.

याच्या अगदी उलट झाले २००७ मध्ये. होम्सचा धूमकेतू लंडनच्या एडविन होम्स या हौशी निरीक्षकाने १८९२ मध्ये शोधलेला. ऑक्टोबर २००७ मध्ये तो १७ व्या प्रतीचा, म्हणजे मोठ्या दुर्बिणीचा विषय होता. २४ ऑक्टोबरला काही तासांत तो भडकला आणि दोन दिवसांच्या आत प्रत ३ च्याही आत आली. तेज सुमारे पाच लाख पटींनी वाढले. २५ ला कोजागरी. दुधात चंद्र पाहायला गच्चीवर गेलेल्यांना, ईशान्येला ययाती तारकासमूहात, पूर्ण चंद्राच्या उजेडातही एक जास्तीचा पिवळसर तारा साध्या डोळ्यांनी दिसू शकत होता. ययातीतील एक तारा १.८ प्रतीचा, दुसरा ३.० चा, आणि हा पाहुणा त्यांच्या मध्ये, मंद ताऱ्याकडे किंचित झुकलेला : २.५. नोंद इतकी सोपी. पहिल्या रात्री तो ताऱ्यासारखा, नंतर चकतीसारखा आणि मग पसरत जाणारा धुराचा गोळा. नोव्हेंबरात त्याचा कोमा सूर्याहूनही मोठा झाला होता. हा स्फोट आधी कोणत्याही गणिताने सांगितला नव्हता.

२०२० च्या जुलैत निओवाइज आला, पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो पावसाळी ढगांआड गेला. त्याची कसर २०२४ मध्ये निघाली. त्सुचिनशान-ॲटलास या धूमकेतूचे तेज त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये वाढायचे थांबले होते. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या आकड्यांतूनच ते दिसत होते. जुलैत झ्डेनेक सेकानिना या ज्येष्ठ अभ्यासकाने हे आणि इतर पुरावे मांडून भाकीत केले, की हा सूर्यापाशी पोचण्याआधीच विरून जाईल. सेकानिना यांचा या विषयातला अधिकार मोठा, त्यामुळे अनेकांनी धूमकेतू गेलाच असे धरले. नोंदी ठेवणारे मात्र पाहत राहिले. २७ सप्टेंबरला तो सूर्याजवळून सुखरूप गेला. १२ ऑक्टोबरला, नेमक्या दसऱ्याला, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. सोने वाटून झाल्यावर संध्याकाळी पश्चिमेला, क्षितिजाजवळच्या उजेडात तो शोधावा लागत होता. पुढे तो रोज थोडा वर येत गेला आणि रोज थोडा मंद होत गेला. १४ च्या सुमारास सूर्याच्या दिशेने रोखलेली बारीक उलटी शेपटीही दिसली, कारण पृथ्वी त्याच्या कक्षेच्या पातळीतून जात होती. मग कोजागरीचा चंद्र आडवा आला. चंद्र उशिरा उगवू लागेपर्यंत धूमकेतू साध्या डोळ्यांना जेमतेम उरला होता.

हॅले पुन्हा सूर्याजवळ येईल २८ जुलै २०६१ ला. त्या खेपेस पृथ्वी सूर्याच्या अलीकडच्या बाजूला असेल, त्यामुळे तो १९८६ पेक्षा कितीतरी तेजस्वी दिसेल. पुसदला तेव्हा ऐन पावसाळा. ढग फाटतील तेवढ्याच रात्री मोजायला मिळतील.