रानपिंगळ्याचा हरवलेला आवाज

पिंगळा आमच्या कड्यात कुणाला अनोळखी नाही. दिवेलागणीला झाडावर जोडीने बसतो आणि चिर्र चिर्र कलकलाट करतो. उर्दूत त्याला चुग़द म्हणतात, आणि मूर्ख माणसालाही चुग़दच! सातपुड्यातला त्याचा भाऊबंद रानपिंगळा, त्याच्या बाबतीत मात्र शहाणेच फसले.

1872 साली मध्य भारतात ब्लेविट या इंग्रजाला हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचे नाव दिले. हे तेच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर सगळे शांत. संग्रहालयात पेंढा भरलेले मोजके पक्षी उरले. त्यांची पिसे मोजता येत होती, पण हा पक्षी बोलतो कसा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते. आवाज माहीत नसेल तर साग-पळसाच्या रानात एवढासा पक्षी शोधायचा कसा? डॉ. सलीम अलींनाही तो सापडला नाही.

त्यात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज कर्नलचा दावा होता, की 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण तो मिळवला. सलीम अली 1937 मध्ये याच कर्नलबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत फिरले होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तो नमुना तपासला, तर निघाला डेव्हिडसनचाच! संग्रहालयातून चोरून, टाके नव्याने घालून, खोटी चिठ्ठी लावलेला. विद्वानाची चोरी मला साध्या चोरीपेक्षा वाईट वाटते, कारण तिच्या मागे लोक वर्षानुवर्षे चुकीच्या वाटेने चालतात.

रासमुसेन यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरली. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात बेन किंग, डेव्हिड ॲबट आणि त्यांना रानपिंगळा दिसला, तोही भर दिवसा. तब्बल 113 वर्षांनी!

मग खरे काम सुरू झाले, ऐकण्याचे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक यांनी रासमुसेन यांच्यासोबत त्याच्या आवाजांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. गावातल्या पिंगळ्यासारखा कलकलाट याच्या गाण्यात नाही. छोटी, मऊ, शिट्टीसारखी साद. फराह आणि डॉ. असद रहमानी यांनी पुढे रानोरानी त्याचा शोध घेतला. मेळघाटात तो आहे. आणि 2014 मध्ये तो थेट तानसा अभयारण्यात आढळला, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या काठच्या रानात.