कपाशीचे औषध आणि दुधनेचे पाणी

जालना जिल्ह्यात शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. हे औषध नदीत कसे पोहोचले, याचा इतिहास कपाशीच्या शेतापासून सुरू करावा लागतो. दुधना, पूर्णा, गिरजा या नद्या वर्षातले बरेच महिने जवळजवळ कोरड्या असतात. त्या वाहतात पावसाळ्यात, आणि कपाशीवरील फवारणीचा हंगामही तोच! शिवाय येथील काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि जोराच्या सरीचे पाणी गाळासह वरच्यावर ओढ्याला जाते.

डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने दाखवला. त्याबद्दल त्याला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५० च्या दशकात डीडीटी आणि बीएचसी तयार होऊ लागली. ही रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. लिटरभर पाण्यात डीडीटी जेमतेम काही मायक्रोग्रॅम मावते. म्हणून ती गाळाला चिकटून डोहाच्या तळाशी बसतात, आणि तेथून किडे, मासे, बगळे अशी चढत्या प्रमाणात चरबीत साठत जातात. देशात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली.

दरम्यान जालन्याचे शेत बदलले होते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि शहर संकरित बियाण्यांसाठी प्रसिद्ध झाले. संकरित कपाशीला खत-पाणी जास्त आणि बोंडअळीही जास्त. १९९० च्या दशकात देशातील लागवडीच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रावरील हे पीक शेतीतील जवळपास निम्मी कीटकनाशके पीत होते. मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त औषधे लवकर विघटित होतात खरी, पण फवारणाऱ्या माणसालाच ती घातक. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असली तरी मासे मरतात. फवारणीचा पंप डोहात विसळला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

बोंडअळी मात्र या औषधांना सरावत गेली. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि सुरुवातीला बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच घटल्या. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड चोळून मिळू लागले, वरून फवारण्याही आल्या. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला पुरून उरली.

इमिडाक्लोप्रिड लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त विरघळते, म्हणजे डीडीटीच्या लाखभर पट. ते पाण्याबरोबरच चालते. उन्हाने स्वच्छ पाण्यात त्याचे लवकर विघटन होते, पण श्रावणातल्या गढूळ पाण्यात ऊन शिरणार किती? माशांना ते सहसा थेट मारत नाही. मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या पिलांना मात्र लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाणही बाधते. ही पिले संपली की त्यांच्यावर जगणारे मासे उपाशी राहतात. मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत म्हणून नदी निरोगी आहे, असे आता म्हणता येत नाही.

शाळेजवळ वाहता ओढा असेल तर पावसाळा सरता सरता विद्यार्थ्यांसह त्यातले दगड उलटून पाहावेत. शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेली पिले मोजावीत. कपाशीच्या शेतांच्या वरच्या अंगाला एकदा आणि खालच्या अंगाला एकदा, दोन्हीकडे सारखेच दगड. नंतर हात साबणाने धुवावेत. जालना शहराच्या खाली कुंडलिकेवर मात्र ही मोजणी उपयोगाची नाही. तेथे सांडपाण्यामुळेही पिले नाहीशी होतात, आणि कपाशीचा हिशेब वेगळा काढता येत नाही.